नाव एक, पदार्थ भलताच

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना दिवाळीच्या अंकासाठी माझ्याकडून पाककृती हवी होती. "चोवीस वर्षं तुम्ही खाण्याच्या धंद्यात आहात, काहीतरी पारंपरिक, लोक विसरलेत असं द्या," म्हणाल्या. मी खरं ते सांगून टाकलं. मला स्वयंपाक येत नाही. म्हणजे घरातली माणसं उपाशी राहू नयेत इतपत येतो, पण त्याची कृती कुणी छापावी असा नाही. बाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षं तुम्ही करत काय होतात?"

ऑर्डर घेत होते.

स्वयंपाक करायच्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, नलिनीवहिनी. डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, तिथे आम्ही घरगुती पदार्थ करून द्यायचो. डोहाळजेवण, केळवण, बारसं, साठी, पंच्याहत्तरी, सोसायटीचा कार्यक्रम, जे असेल ते. वहिनींचं माहेर रोह्याकडचं. हाताला चव अशी, की नुसतं वरण केलं तरी माणसं विचारायची, यात काय घातलंत. त्यांना दोन गोष्टी जमायच्या नाहीत. एक, फोनवर गोड बोलणं. आणि दोन, कुणी चुकीचं बोललं तर गप्प बसणं. म्हणून फोन माझ्याकडे आला.

बाहेरच्याला वाटतं, या धंद्यात अवघड काम चुलीपाशी असतं. तसं नाही हो. वहिनींचा पदार्थ चोवीस वर्षांत दोनदा बिघडला असेल. माझा कान दर महिन्याला बिघडायचा. कारण माझं माहेर डोंबिवली पश्चिम आणि सासर डोंबिवली पूर्व. लग्न होऊन मी एक पूल ओलांडला, एवढंच माझं स्थलांतर. पदार्थाला एकच नाव असतं आणि नावाचा एकच पदार्थ असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत माणसं कुठून कुठून येऊन राहिलेली. कुणी साताऱ्याचं, कुणी मालवणचं, कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. प्रत्येकाच्या घरात शब्द तोच, पण ताटात पडणारी वस्तू निराळी.

पहिला दणका पोळीनं दिला. ठाण्याच्या वर्तकनगरातून एका काकांचा फोन आला. साताऱ्याकडचं कुटुंब. त्यांच्या मुलीला पसंत करून गेलेली मंडळी बोलणी पक्की करायला जेवायला येणार होती. "साठ पोळ्या पाठवा. मऊ पाहिजेत. बाकीचं आमी घरी करतोय," काका म्हणाले. मी लिहून घेतलं, पोळ्या साठ, मऊ. आमच्याकडे लाटायला जिजा यायची. तिनं अशा पोळ्या केल्या की घडी घातली तर घडीचा मागमूस राहू नये. मी स्वतः डबा घेऊन गेले. घरात दूध आटवून ठेवलेलं, तूप कढवलेलं, आमटीला फोडणी पडलेली. काकूंनी डबा उघडला. वरची पोळी उचलली, खालची उचलली, त्याखालची उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"आन पुरन?"

"कसलं पुरण?"

"पोळीतलं."

बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या चपला वाजायला लागल्या होत्या.

परत आल्यावर जिजानं मला समजावलं. जिजा जुन्नरकडची. नवरा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात होता तेव्हापासून ती तिथेच राहते. "आमच्याकडं पोळी म्हंजी पुरनाचीच, काकू. रोजची ती चपाती. तुम्ही इचारलं न्हाई व्हय?" नव्हतं विचारलं. त्या पाहुण्यांना शेवटी साध्या पोळीवर गूळ-तूप घालून वाढलं. लग्न जमलं म्हणे. पण त्या काकूंनी पुन्हा कधी आमच्याकडे काही मागवलं नाही. डब्यातली तिसरी पोळी उचलतानाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर मी शहाणी झाले. पोळी हा शब्द कानावर पडला की मी लगेच विचारायची, साधी की पुरणाची? आणि पाहुणे येणार असतील तर विचारायचंही कारण नाही, पाहुण्यांची पोळी म्हणजे पुरणाचीच, हे मी वर्तकनगरात शिकून आले होते. अशा शहाणपणात चार महिने गेले. मग ठाण्याजवळच्या कोलशेतच्या एका पाटीलआजोबांचा फोन आला. इथलेच आगरी, एके काळी भातशेती आणि मिठागर असलेले. आता त्या जमिनीवर वीस-वीस मजले उभे आहेत. आजोबा म्हणाले, "बाय, शंभर पोले पाठव. पावने येनार हान."

आजोबा ळ चा ल करतात हे माझ्या लक्षात आलं आणि मला माझाच अभिमान वाटला. शंभर पुरणपोळ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "बाय, मी पोले सांगलं व्हतं. तू पुरनाच्या पोल्या धारल्यास."

"मग काय केलंत हो?"

"क करनार? मटान तयार व्हतं. व्याही पयल्यांदाच घरान आलेला. बसला जेवाला. मटनाचे रश्शान पुरनाची पोली बुरवून खाल्ली त्यानी. चार खाल्ल्या."

"काही बोलले नाहीत?"

"बोलला ना. जाताना माझे पोराला विचारला, तुमच्यान अशीच पद्धत हाय क?"

आजोबांना हवे होते ते तांदळाच्या पिठाचे पातळ, पांढरे, जाळीदार पोळे. आमच्या घरात त्याला घावन म्हणतात. तांदूळ धुऊन, वाळवून दळायचे, पीठ ताकासारखं पातळ भिजवायचं आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर कडेनं आत ओतत यायचं. पोळी लाटतात, पोळे ओततात. दोघांमध्ये फक्त एका मात्रेचा फरक. आजोबा मात्र मोठ्या मनाचे. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा फोन केला. "आता पोले धार. पांढरे. पोटान काय भरू नको."

मग आले मोबाइलवरचे निरोप. मला वाटलं, आता लिहूनच येतंय म्हटल्यावर चूक कशी होईल? पण लोक मराठी लिहितात इंग्रजी अक्षरांत. एका बाईंचा निरोप आला, तो मी वाचला असा: 'वडे ४०, घारी पाठवा'. वहिनींनी चाळीस वडे तळले आणि लाल भोपळा किसून, गुळात शिजवून, त्यात कणीक मळून चाळीस घाऱ्याही तळल्या. बाईंचा फोन आला, "आम्ही घाऱ्या कुठे मागवल्या होत्या?" मी म्हटलं, "अहो, तुम्हीच लिहिलंय." त्या म्हणाल्या, "मी लिहिलंय, घरी पाठवा!"

एकदा कल्याणच्या एका गृहस्थांनी डाळिंब्यांची उसळ नेली आणि तासाभरात तक्रार केली, की उसळीत डाळिंबाचा एक दाणा नाही, नुसते वाल आहेत. त्या दिवशी वहिनींनी माझ्या हातून फोन घेतला. "वाल भिजवते, मोड काढते, बसून एकेक सोलते, त्याला डाळिंब्या म्हणतात. दोन दिवस जातात त्यात माझे. तुम्हाला डाळिंब पाहिजे असेल तर फळवाल्याकडे जा." आणि फोन माझ्या हातात देऊन त्या पुन्हा वाल सोलायला बसल्या. त्या गृहस्थांची समजूत काढायला मला अर्धा तास लागला. पुढे ते आमचे पक्के गिऱ्हाईक झाले, पण फोनवर आधी विचारायचे, "त्या बाई जवळपास नाहीत ना?"

मासवडीची भानगड मात्र माझ्या कानामुळे झाली नाही, एवढं लिहून ठेवते. मासवडी आम्हाला जिजानं शिकवली. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या वर्धापनदिनाचं जेवण आमच्याकडे होतं, त्यात वहिनींनी हौसेनं मासवडी-रस्सा ठेवला. यादी सोसायटीच्या फलकावर लागली आणि तासाभरात सेक्रेटरी आमच्या दारात हजर. बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सभ्य गृहस्थ.

"तुम्ही शाकाहारी आहात असं मला सांगण्यात आलं होतं," ते म्हणाले.

"आहोतच," मी म्हटलं.

"मग हा मासा?"

वहिनी आतून म्हणाल्या, "त्यांना आत पाठव. बघू देत."

त्यांना चपला काढून ओट्यापाशी उभं केलं. जिजानं पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, त्यात बेसन पेरलं आणि घोटून घोटून घट्ट पिठलं केलं. ते ओल्या फडक्यावर गरम गरम थापलं. वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचं सारण पसरलं. फडक्याच्या दोन्ही बाजू उचलून घडी घातली आणि वरून दाबून मधे फुगीर, कडेला निमुळता असा लांब आकार दिला. गार झाल्यावर सुरीनं वड्या पाडल्या. सेक्रेटरींनी सगळं नीट पाहिलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "पण आकार माशाचाच आहे."

"मग हत्तीचा करून देऊ का?" वहिनी म्हणाल्या.

सेक्रेटरींनी तोडगा सुचवला, की नाव बदलून बेसन रोल करावं. यावर गिऱ्हाइकापुढे कधी न बोलणारी जिजा बोलली. "माज्या आईनं मासवडी म्हनून केली. मी रोल म्हनून न्हाई करायची. रोल पायजे तर दुसरीकडं बघा." शेवटी फलकावर 'म. वडी' असं लिहिलं गेलं. लोकांना ती मलईवडी वाटली, मसालावडी वाटली, एकाला तर मद्रासी वडी वाटली. पहिल्या पंगतीतच सगळी संपली. सेक्रेटरींनी स्वतः दोनदा मागून घेतली.

अशी अनेक वर्षं ठेचा खात मी प्रश्न विचारायला शिकले. सांजा म्हणजे तिखट की गोड? वडे म्हणजे कोंबडीबरोबरचे की बटाट्याचे? पोळी, पोळे, पोळ्या, सगळ्यांसाठी माझ्याकडे तयार प्रश्न होते. खांडवीसाठी मात्र नव्हता, कारण खांडवीत कधी कुणी चुकलंच नव्हतं.

आमची खांडवी गोड असते. तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजायचा. मग साध्या उकळत्या पाण्यात त्याला वाफ आणायची. कणी फुलली की मग गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि आल्याचा रस. वहिनी सांगायच्या, गुळाची घाई केली की कणी आखडते आणि मग काही केलं तरी शिजत नाही. सगळं आळून आलं की तूप लावलेल्या ताटात थापायचं, वर खोबरं पसरायचं, आणि गार झाल्यावर वड्या. रंग तपकिरी, वास आल्याचा. श्रावणात वहिनींकडे तिला फार मागणी असायची.

एक दिवस कोलशेतच्या एका मोठ्या संकुलातून हेतल नावाच्या बाईंचा फोन आला. आडनाव मराठी, बोलणं अगदी आपल्यासारखं. हेतल हे नाव ऐकून तरी मला उमजायला हवं होतं.

"काकू, आमच्या मम्मींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आहे. त्यांना खांडवी जाम आवडते. दरवेळी मीच करते, पण या वेळी साठ माणसं येतायत, मला जमणार नाही. खूप मऊ हवी हं, त्यांचे दात आता तसे नाहीत. तोंडात विरघळली पाहिजे. तुकडे छोटे. आणि वरून ओलं खोबरं भरपूर."

आता तुम्हीच सांगा, यातली एक तरी सूचना आमच्या खांडवीला लागू पडत नाही का? शिवाय सून स्वतः सासूसाठी खांडवी करते हे ऐकून माझं मन भरून आलं. वहिनींना मी हे सांगितलंसुद्धा. वहिनींनी त्या दिवशी आलं जरा हात सैल सोडून घातलं.

संकुलाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तयारी चालली होती. फुगे लागलेले, खुर्च्यांना पांढरी कापडं. मी डबे टेबलावर ठेवले आणि हेतलसमोर झाकण उघडलं. तिनं आत पाहिलं. मग दुसऱ्या डब्याचं झाकण स्वतः उघडून त्यात पाहिलं.

"काकू, हे काय आहे?"

"खांडवी."

"ही खांडवी नाहीये."

माझ्या कानात वर्तकनगर वाजलं.

"खांडवी पिवळी असते काकू! बेसनाची. गुंडाळलेली. वर मोहरीची फोडणी असते!"

"अगंबाई, त्या सुरळीच्या वड्या," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच कळलं, की हे आता बोलून काही उपयोग नव्हता.

बेसन ताकात कालवून, आचेवर घोटून, ताटाच्या पालथ्या बाजूवर पातळ पसरायचं, पट्ट्या कापायच्या आणि सुरळ्या करायच्या. आम्ही त्याला सुरळीच्या वड्या म्हणतो. हेतलच्या मुलुंडच्या माहेरी, गुजराती घरात, त्याचंच नाव खांडवी. माणसं अर्ध्या तासात येणार होती. मी वहिनींना फोन लावला. डोंबिवलीहून करून आणायचं म्हटलं तर कार्यक्रम आटोपला असता. हेतलनं जवळच्या फरसाणवाल्याला फोन केला, त्याच्याकडे फक्त ढोकळा होता. ती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय, मम्मींची आवडती खांडवी आहे म्हणून. माझी आई येतेय. आणि मी त्यांच्यासमोर हे ठेवू?"

हे म्हणजे वहिनींनी दिवसभर खपून केलेली खांडवी. पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. सगळ्यांसमोर मी तसं सांगते."

तेवढ्यात सासूबाई आल्या. मालतीबाई. लहानखुरी मूर्ती, नवी कोरी जांभळी साडी, केसांत गजरा. त्यांची खाली यायची वेळ अजून झाली नव्हती, पण वाढदिवस त्यांचा असल्यामुळे त्यांना वर कुणी काही करू देत नव्हतं, म्हणून कंटाळून आल्या होत्या. टेबलाजवळ आल्या आणि थांबल्या. वाकून डब्याचा वास घेतला.

"ही कुणी केली?"

"मम्मी, सॉरी, चूक झालीय," हेतल उठून म्हणाली. "मी बदलून घेतेय."

मालतीबाईंनी ऐकलंच नाही. एक वडी उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग पदर सावरून हेतलनं नुकत्याच मोकळ्या केलेल्या खुर्चीवर बसल्या आणि तिसरी हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या.

"माझी आई करायची," म्हणाल्या. "आलं असंच पडायचं तिच्या हातून. बावन्न वर्षं झाली खाऊन."

हेतलच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की तिला कळलंय. पण कळायला नको होतं असं वाटतंय.

"मम्मी, तुम्ही जी खांडवी आवडते म्हणायच्यात, ती..."

"ही."

"आणि मी करत होते ती?"

मालतीबाईंनी वडी खाली ठेवली. मला तिथून नाहीसं व्हायचं होतं, पण माझ्या हातात डब्याची दोन झाकणं होती आणि ठेवायला जागा नव्हती.

"अकरा वर्षं, मम्मी!" हेतल म्हणाली. "प्रत्येक वाढदिवसाला केली. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलमध्ये डबा आणला. तुम्ही एकदा तरी सांगायचंत. मी मूर्खासारखी सगळ्यांना सांगत फिरतेय, मम्मींना माझी खांडवी आवडते."

"कसं सांगणार होते?" मालतीबाई म्हणाल्या. "तू नवीन लग्न होऊन आलेलीस. मी एकदा बोलता बोलता म्हटलं, खांडवी खाऊन किती वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी उठले तर तू आधीच स्वयंपाकघरात. ते गरम पीठ ताटाला फासताना तुझी बोटं भाजलेली. तीन बोटांना मलम लावून मला वाढलंस. त्या बोटांकडे बघून सांगू, की बाई, ही ती नव्हे?"

"पण नंतर?"

"नंतर उशीर झाला होता."

तेवढ्यात हेतलचा नवरा केकचं खोकं घेऊन आत आला. हेतल त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं, खांडवी गोड असते?"

"कुठली खांडवी?" तो म्हणाला.

"जी मी अकरा वर्षं करतेय!"

"ती तिखट असते ना?" तो बिचारा म्हणाला. आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, माझ्या हातातल्या झाकणांकडे बघितलं, आणि केक कुठे ठेवायचा ते विचारून निघून गेला.

आधी हसल्या त्या मालतीबाई. मग हेतलही हसली, पण डोळे पुसत. सासूजवळ खाली बसून तिनं विचारलं, "खरं सांगा. माझी अजिबात आवडत नव्हती?"

"पहिली दोन वर्षं नाही आवडली," मालतीबाई म्हणाल्या. "मग सवय झाली. आता खरंच आवडते. माझी शपथ." खाली ठेवलेली वडी पुन्हा उचलली. "फक्त मोहरी जरा कमी घालत जा. दातांत अडकते."

अकरा वर्षं पोटात ठेवलेली ती पहिली तक्रार होती.

त्या दिवशी पाहुण्यांना गोड खांडवीच वाढली. हेतलच्या आईनं ती चाखून हेतलला विचारलं, हे छान आहे, याला काय म्हणतात? हेतल म्हणाली, "मम्मींची खांडवी." मी तेवढं ऐकलं आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात हेतल शिकायला आमच्या स्वयंपाकघरात आली. वजनकाटा घेऊन आली. "काकू, रवा किती मिनिटं भाजायचा?" तिनं वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "वास येईपर्यंत." "पाणी किती?" "लागेल तेवढं." "गूळ?" "पुरे वाटेल इतका." हेतलनं वजनकाटा पिशवीत परत ठेवला. घरी जाऊन तिनं पहिल्यांदा केली तेव्हा गुळाची घाई केली आणि कणी आखडली. मालतीबाईंनी तीसुद्धा खाल्ली म्हणे, पण या वेळी खाताना स्पष्ट सांगितलं, की दगड झालाय. हेतलनं मला फोन करून हे इतक्या आनंदानं सांगितलं, जणू तिला बक्षीस मिळालं होतं.

वहिनींनी बदल्यात तिच्याकडून पिवळी खांडवी शिकायला साफ नकार दिला. "मला येते ती. सुरळीची वडी म्हणतात तिला." हेतल म्हणाली, "खांडवी." दोघींनी मिळून एक ताट केलं, आणि पट्ट्या गुंडाळून होईपर्यंत दोघींपैकी कुणीही माघार घेतली नाही.

आता वहिनींचे हात थकलेत. स्वयंपाकघर जिजा बघते. वहिनी खुर्ची टाकून बसतात आणि वासावरून सांगतात, रवा उतरव. मी फोनपुरती उरलेय. कधी कधी वाटतं, इतकी वर्षं जगातल्या उत्तम स्वयंपाकिणीच्या शेजारी उभी राहिले आणि एक पदार्थ नीट शिकले नाही. वहिनींना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बरंच झालं. फोन कोणी घेतला असता?"

वाढदिवसानंतर दोनेक महिन्यांनी मालतीबाईंचा पहिल्यांदाच स्वतःहून फोन आला. आवाज केवढा मोठा! मी फोन कानापासून लांब धरला.

"मी मालती बोलतेय, कोलशेतहून. दोन्ही खांडव्या पाठवा. गोड एक किलो, पिवळी पाव किलो. आणि हेतलनं विचारलं तर उलटं सांगा. उगाच तिला वाईट वाटायचं."

पाच मिनिटांत हेतलचा फोन.

"मम्मींनी काय मागवलं, काकू?"

"पिवळी एक किलो," मी म्हटलं. "गोड पाव."

पलीकडून नुसतं हसू ऐकू येत राहिलं. "अहो काकू, मी बाजूच्या खोलीत होते. मम्मींना आताशा कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या फोनवर ओरडून बोलतात. मजल्यावरच्या सगळ्यांना कळलंय. तुम्ही गोड एक किलोच पाठवा." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "पण मला कळलंय, हे त्यांना सांगू नका हं."

तेव्हापासून दर महिन्याला त्या घरातून मला दोन फोन येतात, एक ओरडून आणि एक कुजबुजत. मी दोघींनाही "हो" म्हणते.